आप्फेलक्युश्ले: दक्षिण जर्मनीच्या तळलेल्या सफरचंद-चकत्या, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सफरचंद सोलायचं, मधला बियांचा गाभा काढायचा, आडव्या गोल चकत्या कापायच्या, त्या अंड्या-दुधात भिजवलेल्या पिठात बुडवून तळायच्या आणि गरम असतानाच दालचिनी-साखरेत घोळवायच्या. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, याला आप्फेलक्युश्ले म्हणतात. बव्हेरियात गेलात की तेच आप्फेलक्युशर्ल होतं आणि शेजारच्या ऑस्ट्रियात आप्फेलराडल. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये बिअरच्या तंबूंत जेवणानंतर मागवला जाणारा हा ठरलेला गोड पदार्थ आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत आणि त्या भागात नोकरी-शिक्षणासाठी राहणारी मराठी माणसंही बरीच आहेत. म्हणून हा लेख तिथे राहणाऱ्यांना आणि इथल्या स्वयंपाकघरात करू पाहणाऱ्यांना, दोघांनाही चालेल असा लिहिला आहे.

साहित्य साधं आहे, कृती अर्ध्या पानात मावते, आणि तरीही पहिल्या खेपेला बहुतेकांचं काहीतरी बिनसतं. आवरण करपतं आणि आतलं सफरचंद कच्चं राहतं, किंवा सफरचंदाचा लगदा होऊन आवरण ओलसर पडतं. कारण एकच: आवरण सोनेरी व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात आतली चकती मऊ झाली पाहिजे. सफरचंदाची जात, चकतीची जाडी, पिठाचा दाटपणा, तेलाचं तापमान हे सगळं त्या एका मेळासाठी. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचलंत तर प्रमाणं पाठ करायची गरज उरणार नाही.

सफरचंद कोणतं

इथे घाई करू नका. पदार्थाचं निम्मं यश बाजारातच ठरतं.

आंबट आणि घट्ट सफरचंद हवं. आंबटपणा चवीसाठी तर हवाच, कारण बाहेरून साखर येणार आहे आणि आत पुन्हा गोडच असेल तर दुसऱ्या चकतीलाच कंटाळा येतो. पण त्याचं दुसरंही काम आहे. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सावकाश विरघळतं, त्यामुळे आंबट सफरचंद तळताना आकार जास्त वेळ धरून ठेवतं.

जर्मन घरांत यासाठी सर्रास घेतलं जाणारं नाव म्हणजे बोस्कोप. ही मूळची नेदरलँड्समधल्या बोस्कोप गावची जात, १८५६ साली तिथे सापडलेली. दिसायला ती देखणी नाही. साल खरखरीत, तपकिरी छटेची. पण चव दमदार आंबट, आणि तापवल्यावरही ती चव फिकी पडत नाही. मात्र बोस्कोप लवकर मऊ पडतं, म्हणून त्याच्या चकत्या पातळ कापू नयेत. एल्स्टार आणि ब्रेबर्न ही जर्मन दुकानांत सहज मिळणारी दोन नावं. थोडी कमी आंबट, पण तळताना जास्त भरवशाची. नवशिक्याने ब्रेबर्नपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

श्वाबेनमध्ये राहत असाल तर शरद ऋतूत आठवडी बाजारात जाच. त्या भागात गावांभोवती कुरणांत विखुरलेली, उंच वाढू दिलेली जुनी फळझाडं असतात. खाली गवत आणि वर सफरचंदं, नाशपाती. याकोब फिशर, ब्रेटाखर, गेवुर्झलुइकेन अशा जुन्या जाती तिथे टिकून आहेत, आणि त्या मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर फारशा दिसत नाहीत. विकणाऱ्या आजीबाईंना 'तळायला कोणतं चांगलं' एवढंच विचारा. त्या सांगतील ते घ्या. हा पदार्थ त्या झाडांच्या भरघोस पिकातूनच घराघरात रुजलेला आहे, आणि त्या फळांनी केलेल्या चकत्यांची चव निराळी लागते, हे मी मनापासून सांगते.

महाराष्ट्रात? ग्रॅनी स्मिथ, म्हणजे आयात होणारं हिरवं सफरचंद, हा सर्वांत खात्रीचा पर्याय. पुण्या-मुंबईत वर्षभर मिळतं. काश्मीरहून येणारं आंबटसर महाराजी दिसलं तर जरूर घ्या. हिमाचल-काश्मीरचं लाल डेलिशियस मात्र टाळा. नुसतं खायला ते उत्तम, पण तळल्यावर पिठूळ होतं आणि आंबटपणा जवळजवळ नसतोच. तेवढंच हाताशी असेल तर निदान कडक, ताजं फळ बघून घ्या आणि चकत्यांवर लिंबू जरा सढळ हाताने पिळा. दाबल्यावर बोट रुतणारं फळ अजिबात नको.

बाकीचं साहित्य

तीन मध्यम सफरचंदांच्या, म्हणजे साधारण १२ ते १४ चकत्यांच्या हिशोबाने:

मैदा १५० ग्रॅम, दूध १३० मिलिलिटर, अंडी २, साखर १ मोठा चमचा, मीठ एक चिमूट, अर्ध्या लिंबाचा रस, चकत्यांवर भुरभुरायला आणखी २ चमचे मैदा. घोळवण्यासाठी १०० ग्रॅम साखर आणि २ लहान चमचे दालचिनीपूड. तळायला तेल किंवा तूप.

जर्मनीत मैदा घेताना पाकिटावर ४०५ हा आकडा बघा. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर मागे उरणाऱ्या खनिजांचे ते मिलिग्रॅम आहेत. आकडा जितका लहान तितका कोंडा कमी, पीठ पांढरं. आपल्या मैद्याच्या जागी ४०५ चालतं. ५५० असलं तरी बिघडत नाही, फक्त दूध चमचाभर जास्त लागेल. अंड्यांचंही लक्षात घ्या. जर्मनीतलं एम मापाचं अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं, आपल्याकडची अंडी बऱ्याचदा त्याहून लहान. पीठ घट्ट वाटलं तर त्याचं कारण हे असू शकतं.

पिठात साखर एक चमच्याहून जास्त घालू नका. साखर वाढली की आवरण भरभर तपकिरी होतं आणि सफरचंदाला शिजायला वेळ मिळत नाही. गोडवा बाहेरून द्यायचा आहे.

दालचिनीबद्दल थोडं सविस्तर. बाजारात 'दालचिनी' म्हणून जाड, कडक साल मिळते ती बहुतेकदा कॅसिया असते. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, बोटांनी सहज चुरणारी आणि सौम्य गोड वासाची. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, आणि ते सतत भरपूर पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. जर्मनीच्या अन्नसुरक्षेची जोखीम तपासणाऱ्या सरकारी संस्थेने २००६मध्ये ख्रिसमसच्या दालचिनी-बिस्किटांच्या निमित्ताने याकडे लोकांचं लक्ष वेधलं होतं. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम कुमारिन ही सुरक्षित मर्यादा मानतात. कधीमधी चार चकत्या खाण्यात काळजीचं काही नाही. पण लहान मुलं खाणार असतील आणि पर्याय असेल तर खरी दालचिनी घ्या. ती आपल्या कोकणातही पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जात त्यासाठीच काढली आहे. घरी ताजी कुटलेली असेल तर पदार्थाचा वासच बदलतो.

तळण्याचं माध्यम हा आणखी एक आनंदाचा भाग. जुन्या पद्धतीने हे बुटरश्माल्त्समध्ये, म्हणजे कढवलेल्या लोण्यात तळतात. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको: ते साजूक तूपच. जर्मन दुकानात ते लोण्याच्या शेजारी मिळतं. सगळं तुपात तळणं परवडत नसेल तर वास नसलेलं सूर्यफूल तेल घ्या आणि त्यात दोन-तीन मोठे चमचे तूप घाला. वास येतो आणि काम भागतं. घाण्याचं शेंगदाणा तेल इथे वापरू नका, त्याचा वास सफरचंदाच्या वर जातो.

कृती

१. आधी पीठ. अंड्यांचे पिवळे बलक आणि पांढरं वेगळं करा. बलक, दूध, साखर, मीठ एकत्र फेटा आणि त्यात मैदा चाळून घाला. गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा, पुढे नाही. जास्त ढवळलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि आवरण रबरासारखं होतं. झाकून २० मिनिटं बाजूला ठेवा. या वेळात पीठ दूध शोषून घेतं आणि नंतर चकतीला चांगलं धरतं.

२. पीठ मुरतंय तोवर दालचिनी-साखर एका पसरट ताटात कालवून ठेवा आणि दुसऱ्या ताटावर निथळण्यासाठी जाळी किंवा कागद तयार ठेवा. तळायला लागल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

३. सफरचंदं सोला. अख्ख्या फळातून गाभा आरपार काढायची नळी जर्मनीत स्वस्तात मिळते, आणि हा पदार्थ पुन्हा करणार असाल तर घ्याच. नसेल तर आधी आडव्या चकत्या कापा आणि मग बाटलीचं छोटं झाकण दाबून किंवा टोकदार सुरीने मधला भाग काढा. बियांभोवतीचं कडक, काचेसारखं टरफल पूर्ण निघालं पाहिजे. ते दाताखाली आलं की सगळी मजा जाते.

४. चकतीची जाडी १ सेंटिमीटर. हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. अर्ध्या सेंटिमीटरची चकती आवरणात हरवून जाते आणि आपण गोड पीठ खातोय असं वाटतं. दीड सेंटिमीटरची असेल तर मध्यभागी कच्ची राहते. पट्टी लावून पहिली चकती कापा, बाकीच्या तिच्याकडे बघून. सगळ्या सारख्या असणं हे जाडीइतकंच महत्त्वाचं, नाहीतर कढईतल्या प्रत्येकीला वेगळा वेळ लागेल.

५. चकत्यांवर लगेच लिंबाचा रस चोळा म्हणजे त्या काळ्या पडणार नाहीत. काही घरांत इथे चमचाभर रम किंवा फळांची दारूही शिंपडतात. साखर मात्र या टप्प्यावर घालू नका. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते, चकती ओली होते आणि पीठ तिच्यावरून घसरून जातं.

६. आता अंड्याचं पांढरं फेटा. भांडं कोरडं आणि तेलकटपणा नसलेलं हवं, बलकाचा थेंबही चालत नाही. बीटर उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहून टोक किंचित वाकलं की थांबा. हा फेस दोन भागांत पिठात अलगद मिसळा, खालून वर, भांडं फिरवत. फेसातली हवा हीच इथली फुगवण, बेकिंग पावडरची गरज नाही. मिसळलं की लगेच तळायला घ्या. हे पीठ थांबत नाही.

पीठ किती दाट हवं? बटाट्याच्या भज्यांना भिजवतो त्याहून थोडं दाट. चकती बाहेर काढल्यावर तिच्यावर सलग थर राहिला पाहिजे आणि जास्तीचं पीठ सावकाश ओघळलं पाहिजे. भोक पिठाने बुजत असेल तर चमचाभर दूध घाला. चकतीचा रंग आरपार दिसत असेल तर चमचाभर मैदा.

७. पसरट कढईत किंवा खोल तव्यात ३ सेंटिमीटर तेल तापवा, १७० अंशांपर्यंत. थर्मामीटर नसेल तर जर्मन आज्यांची जुनी खूण वापरा: लाकडी पळीची दांडी तेलात टेकवा. तिच्याभोवती बारीक बुडबुडे सतत येऊ लागले की तेल तयार. बुडबुडे उसळत असतील तर आच कमी करून मिनिटभर थांबा. आपली पद्धतही चालते. पिठाचा थेंब टाका, तो खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला पाहिजे. लगेच वर उसळून रंग बदलला तर तेल फार तापलंय.

८. चकती कागदाने टिपून कोरडी करा, दोन्ही बाजूंना कोरडा मैदा भुरभुरा आणि झटका. ही पायरी अनेक जण वगळतात आणि मग आवरण सुटलं म्हणून कष्टी होतात. कोरडा मैदा चकतीवरचा ओलावा पितो आणि पिठाला धरायला जागा देतो. मग भोकात काटा किंवा सळई घालून चकती पिठात बुडवा, निथळू द्या आणि तेलात अलगद सोडा.

९. एका वेळी तीन-चारच. गर्दी केली की तेल थंड होतं आणि आवरण तेल पितं. पहिली बाजू सोनेरी व्हायला दीड ते दोन मिनिटं, मग एकदाच उलटा, दुसऱ्या बाजूला तेवढीच. पहिली चकती नेहमी एकटी तळा आणि कापून बघा. आतलं सफरचंद दाताला हलकासा विरोध करून मोडलं पाहिजे. कच्चं असेल तर आच कमी करून वेळ वाढवा. लगदा झाला असेल तर आच थोडी वाढवून वेळ कमी करा. या एका चकतीवरून बाकीच्या सगळ्यांचा अंदाज येतो.

सफरचंदात पाणी भरपूर असतं, त्यामुळे आवरण फाटलं तर तेल उडू शकतं. कढई निम्म्याहून कमी भरलेली असावी आणि झाकण हाताशी असावं. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं. पाणी कधीच नाही.

१०. जाळीवर अर्धा मिनिट निथळू द्या आणि लगेच दालचिनी-साखरेत दोन्ही बाजूंनी घोळवा. गार झाल्यावर साखर चिकटत नाही, आणि तेलातून काढल्या काढल्या घोळवलं तर साखर ओली होते.

व्हॅनिला सॉस

सॉस नसला तरी आप्फेलक्युश्ले पूर्ण आहे. पण सोबत कोमट व्हॅनिला सॉस असेल तर आंबट सफरचंदाला जोड मिळते. २५० मिलिलिटर दूध अर्ध्या व्हॅनिला शेंगेसोबत तापवा. ३ बलक आणि २ मोठे चमचे साखर फेटून त्यात ते गरम दूध बारीक धारेने घाला, सतत ढवळत. परत मंद आचेवर ठेवा आणि चमच्याच्या पाठीवर थर बसून बोटाची रेघ टिकेपर्यंत ढवळत राहा. हे साधारण ८२ अंशांना होतं. ८५च्या पुढे गेलं की बलक फाटतो, म्हणून उकळी येऊ द्यायची नाही.

शेंग महाग आहे, त्यामुळे बहुतेक जर्मन घरांत ८ ग्रॅमच्या छोट्या पुड्यांतली व्हॅनिला साखर वापरतात. प्रयोगशाळेत व्हॅनिलिन पहिल्यांदा तयार झालं तेही जर्मनांच्याच हातून, १८७४ साली. हारमान आणि टिमान या रसायनशास्त्रज्ञांनी ते पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या द्रव्यापासून बनवलं आणि होल्त्समिंडेन गावात त्याचा कारखाना निघाला. तेव्हा इसेन्सचे दोन थेंब घातलेत तर परंपरेबाहेर गेलात असं अजिबात समजू नका. अंडं नको असेल तर अर्धा लिटर दुधात दीड मोठा चमचा कस्टर्ड पावडर घालून पातळसर शिजवा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

दक्षिण जर्मनीत दुधाऐवजी बिअर किंवा पांढऱ्या वाइनमध्ये पीठ भिजवायचीही रीत आहे, आणि फेसाळ पाण्यातलं पीठही करतात. त्यातून आपल्याला छान वाट मिळते. १५० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, चमचाभर साखर आणि चमचाभर पातळ केलेलं तूप. यात थंडगार साधा सोडा साधारण १७० मिलिलिटर, तोही तळायच्या अगदी आधी, बेताबेताने. हे पीठ मुरवायचं नाही, नाहीतर सोड्यातला वायू निघून जातो. आवरण अंड्याच्या पिठाइतकं मऊ-फुगीर होत नाही, पण जास्त कुरकुरीत होतं. मला ते तितकंच आवडतं.

कधी आणि कशासोबत

आपल्याला गोड पदार्थ जेवणाच्या शेवटी किंवा ताटातच बाजूला असण्याची सवय. श्वाबेन-बव्हेरियात मात्र पिठाचा गोड पदार्थ हेच दुपारचं मुख्य जेवण असू शकतं. आधी वाटीभर बटाट्याचं किंवा भाज्यांचं गरम सूप आणि मग थेट ताटभर आप्फेलक्युश्ले. कॅथलिक घरांत शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे, त्या दिवसांना असे पदार्थ हक्काचे. पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी अशाच क्रमाने जेवून बघा. तिखट-खारट सूपानंतर आंबटगोड चकत्या फार चांगल्या लागतात. माणशी चार धराव्यात. जेवणानंतर देणार असाल तर दोन पुरतात, सोबत व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा.

पाहुणे येणार असतील तर पीठ (अंड्याचा फेस न घालता) दोन तास आधी फ्रिजमध्ये ठेवता येतं, सॉस आदल्या दिवशीही होतो. चकत्या मात्र कापल्यावर अर्ध्या तासात तळाव्यात. तळलेल्या उरल्या तर १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये त्या मऊ पडतात. उरतील अशी शंका आधीच असेल तर तेवढ्यांना साखर लावू नका. गरम केल्यावर लावा.